पाहुण्यांच्या आधी पोचणारं लेथ

३ जून, लुविंगू

लेथ आलं.

म्पिकाला कॉलेजची मुख्य शाखा आहे, तिथून ट्रकने आलं. धातू कातायचं अवजड यंत्र; उतरवायला दिवस गेला. इथे क्रेन नाही. खाली पाइप घालून, दोर लावून विद्यार्थ्यांनी ते हळूहळू वर्कशॉपमध्ये ओढलं. तिथला काँक्रीटचा चौथरा मी रुजू झाले तेव्हापासून रिकामा होता. त्यातून वर आलेल्या बोल्टांना मी नेमाने ग्रीस लावायचे. लोक हसायचे.

शाखाप्रमुख बा चिशिंबा कोटाच्या खिशात हात घालून सूचना देत होते. "जपून रे! आणि बा जेरेंना पुढे उभं करू नका. खालून उंदीर निघाला तर बाई दोर सोडून जेवायला बसतील."

बा जेरे म्हणजे मी; इथे बाईच्या नावाआधीही मानाने 'बा' लावतात. "उंदराचं मी बघीन," मी म्हटलं. "माकड निघालं तर तुम्ही पुढे व्हा. घरचंच कोणी असेल."

सगळे हसले, दोर सैल पडला, लेथ वीतभर मागे सरकलं. मी ओरडले.

चिपाटाहून निघताना आईने बजावलं होतं: आपण न्गोनी, तू बेम्बांच्या गावात चालली आहेस. आपले पूर्वज त्यांच्या पूर्वजांशी लढले, म्हणून आता नातं थट्टेचं. ते उंदीरखाऊ म्हणतील, तू माकडखाऊ म्हण. जो रागावेल किंवा ज्याला उत्तर सुचणार नाही, त्याला दंड कोंबडीचा. मी अजून एकही कोंबडी दिलेली नाही.

पुढच्या आठवड्यात परीक्षा मंडळाची तपासणी आहे. कॉलेजच्या चार शाखांपैकी एकट्या म्पिकाला मान्यता आहे. त्यामुळे ट्रेड टेस्टला आमच्या मुलांना बसने म्पिकाला न्यावं लागतं. लेथ ती पहिल्यांदा तिथेच बघतात, आणि त्याच दिवशी त्यावर परीक्षा. बहुतेक नापास होऊन परत येतात. मान्यता मिळाली तर परीक्षा इथे होईल, सरावाच्या यंत्रावर.

५ जून

लेथ चौथऱ्यावर ठेवलं म्हणजे बसलं असं नसतं. एक कोपरा केसभर खाली राहिला तरी लेथचा लांब बेड पिळला जातो आणि सरळ कापलेला लोखंडी जॉब एका टोकाला जाड उतरतो. डोळ्याला कळत नाही, मायक्रोमीटरला कळतं. दिवसभर पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवत, बोल्ट आवळत, पुन्हा लेव्हल ठेवत बसले. थंडीने बोटं बधिर झाली. दुपारी वीज आल्यावर चाचणीचा कट घेतला. दोन्ही टोकांचा व्यास एकच. समाधान वाटलं.

दुसरा कट कासुबाला घेऊ दिला. दुसऱ्या वर्षाची, वर्गात सगळ्यांत मोठी. कॉलेजला येण्याआधी बाजारात सुका मासा विकायची. तिचा मामा किटवेला एका वर्कशॉपमध्ये आहे. टेस्ट पास झाल्याचं कार्ड घेऊन ये, सप्टेंबर संपेपर्यंत जागा धरून ठेवतो, असं त्याने सांगितलंय. टूल जॉबला टेकवताना ती श्वास रोखते. हे शिकवून येत नाही.

"मॅडम, हे लेथ उंदरांच्या शेपट्यापण कातेल का?" तिने विचारलं.

"आधी स्वतःची नखं काप," मी म्हटलं. खरंच वाढली होती.

८ जून

ट्रकचा ड्रायव्हर अजून गेलेला नाही. कँटीनमध्ये मक्याची न्शिमा आणि कापेंताचे सुके मासे खात बसला होता. परत कधी, असं विचारलं.

"लेथ घेऊनच जाणार ना, बाई. इथली तपासणी झाली की म्पोरोकोसोची शाखा, मग म्बालाची, मग घरी म्पिकाला. रिकामा ट्रक कशाला पळवू?"

बा चिशिंबांकडे गेले. त्यांनी दार लोटूनही घेतलं नाही.

"बा जेरे, तुमच्याकडे पाहुणा आला आणि घरात धड ताट नाही. शेजारचं आणता की नाही?"

"आणतो."

"मग पाहुण्याला सांगता का, बाबा रे, हे ताट शेजारचं आहे?"

"आमचा पाहुणा ते ताट आमच्या नावावर लिहून देत नाही."

"न्गोनी डोकं!" ते खूश झाले. "अहो, लिहून देणार म्हणून तर आणलंय. मान्यता असली की यंत्रासाठी निधी मागता येतो. मान्यता नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून यंत्र नाही, यंत्र नाही म्हणून मान्यता नाही. कुठून तरी गाठ सोडवायला नको?"

त्यांच्या बोलण्यात चूक सापडली नाही. मी शोधली.

१२ जून

तपासणी झाली. मंडळाकडून बा चिलेक्वा आले. उंच, वयस्कर, चष्मा दोरीने गळ्यात. बेम्बाच. कासुबाने त्यांच्यासमोर जॉब केला. त्यांनी तो हातात घेऊन उजेडात फिरवला आणि मान हलवली.

"आणि या जेरे. म्हणजे पूर्वेकडच्या. मुली उगाच एवढ्या बारीक काततात होय! शिकवणाऱ्या बाईंना उंदराचं हाड सोलायची सवय."

मग विचारलं, "यंत्र कधीपासून आहे इथे?"

बा चिशिंबा छताकडे बघायला लागले. विचारलंच तर खोटं बोलायचं नाही, हे मी सकाळीच ठरवलं होतं.

मी म्हटलं, "ते तुमच्यासारखंच आहे, बा चिलेक्वा. बेम्बा पाहुणा. गेल्या आठवड्यात ट्रकमधून आलं, खाऊनपिऊन शनिवारी निघेल. म्पोरोकोसोला तुमच्या आधी पोचलेलं असेल. भेटलं की माझा नमस्कार सांगा."

बा चिशिंबांची नजर छतावरून खाली आली. मग बा चिलेक्वा हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले त्यांना. मग सगळेच.

"कोंबडी!" बा चिशिंबा ओरडले. "दंड कोंबडीचा!"

"मला, मला," बा चिलेक्वा म्हणाले. "मी हरलो. उत्तर नाही माझ्याकडे." आणि हसत हसतच त्यांनी कागदावर खुणा केल्या.

शब्दन् शब्द खरा होता. त्यांनी काय ऐकलं तो त्यांचा प्रश्न. माझ्यापुरतं काम चोख झालं.

कासुबा हसली नाही. ती खाली वाकून लोखंडाचा कीस गोळा करत होती. तिला ऐकू आलं नसावं.

१५ जून

लेथ ट्रकवर चढलं. काल म्पिकाहून प्राचार्य सिमुकोंडांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्यासारखं लेव्हल आपल्याकडे कोणालाही जमत नाही. दोन्ही शाखांना बरोबर जा. सप्टेंबरमध्ये टेस्टच्या आधी लेथ लुविंगूला परत येईल. माझा शब्द."

शेवटच्या तासाला कासुबाने भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून उंदीर कातला. तोंडाकडचा निमुळता भाग सुरेख उतरलाय. तारेचं शेपूट लावून माझ्यापुढे धरला.

"घ्या मॅडम, वाटेत भूक लागेल."

"मीठ कमी आहे," मी म्हटलं आणि खिशात टाकला.

मग तिने विचारलं, लेथ परत येणार ना.

"प्राचार्य म्हणालेत तसं."

"त्यांचं कळलं. तुम्ही काय म्हणता?"

"मी बरोबर जातेय. मीच परत आणीन."

हे वाक्य माझ्या तोंडून का गेलं, माहीत नाही.

२४ जून, म्पोरोकोसो

इथला चौथरा एका बाजूला खचलाय. चकत्या जास्त लागल्या. तरीही कट सरळ आला.

इथले निदेशक म्पुंडू मदतीला होते. साधा माणूस. चहा पिताना म्हणाले, "आता काळजी नाही. प्राचार्यांनी शब्द दिलाय, टेस्टच्या वेळी लेथ आमच्याकडे."

मी पाना पुसत होते. पुसत राहिले. मला दिलेला शब्द आधीचा आहे.

२६ जून, म्पोरोकोसो

बा चिलेक्वा आत शिरले ते थेट लेथपाशी गेले आणि त्यावर थाप मारून म्हणाले, "काय सूनबाई, पोचलात? प्रवास झेपला ना?"

म्पोरोकोसोचे सगळे हसले. गोष्ट त्यांना आधीच कळलेली होती. त्यांनीच सांगितली असणार. मला कोपरखळी मारून म्हणाले, "तुमचा नमस्कार पोचवला हं."

जॉब धरणाऱ्या चकवरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आमच्या मुलांनी खडूने 'लुविंगू' लिहून ठेवलं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. बा चिलेक्वांनी झाकण उघडलं, थोडा वेळ बघितलं. मग रुमाल काढून तो शब्द पुसला, अगदी कडेपर्यंत, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. खडू होता. धूळ वाटली असेल.

१० जुलै, म्बाला

लेव्हल झालं. तपासणी झाली. तोच विनोद झाला. प्राचार्यांनी शब्द इथेही दिलाय.

२ ऑगस्ट, लुविंगू

तिन्ही शाखांना मान्यता मिळाली. बा चिशिंबांनी अंगणात टेबलं लावली. मक्याच्या आंबवलेल्या मुंकोयोचे हंडे आले, एक बकरी कापली. मान्यतेच्या पत्राबरोबर बा चिलेक्वांनी मंडळाच्या गाडीतून पाय बांधलेली एक जिवंत कोंबडी पाठवली होती. दंडाची. बा चिशिंबांनी ती सगळ्यांपुढे माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बेम्बा माणूस दिलेला शब्द मोडत नाही!" टाळ्या झाल्या. कोंबडी रस्सा करून वाढली. मीही खाल्ली.

जेवण झाल्यावर पत्रासोबतचे नियम वाचले. बाकी कोणी वाचले नसावेत. मान्यताप्राप्त शाखेने टेस्ट आपल्याच वर्कशॉपमध्ये घ्यायची. तिच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या शाखेत बसता येणार नाही. परीक्षेचं ड्रॉइंग फुटू नये म्हणून देशभर टेस्ट एकाच दिवशी.

चार शाखा, एक लेथ, एक दिवस.

बा चिशिंबांना दाखवलं. ते हाडूक चोखत होते. "मग नेऊ की नेहमीसारखी बसने म्पिकाला."

"आता नेता येणार नाही. मान्यता नव्हती तोवर नेता येत होतं."

त्यांनी कागद घडी करून ताटाखाली सरकवला. मग म्हणाले, "आज नको, बा जेरे. आज लोकांना जेवू द्या."

२९ ऑगस्ट, म्पिका

प्राचार्य फोन उचलत नाहीत म्हणून मी स्वतः आले. लेथ इथल्या जुन्या चौथऱ्यावर बसलंय. जुलैत म्बालाहून परतताना मीच बसवून दिलं होतं. अजून बरोबर आहे.

प्राचार्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "म्पिकाची स्वतःची टेस्ट आहे त्या दिवशी. इथे विद्यार्थी सगळ्यांत जास्त. तुम्हीच सांगा, काय करू?"

"तुम्ही आम्हाला शब्द दिला होता. म्पोरोकोसोलाही. म्बालालाही."

"तेव्हा तारखेचा नियम कोणाला माहीत होता? आणि खरं सांगू का, तुम्ही ते इतकं सुरेख बसवलंय की आता हलवायला हात धजत नाही."

मला उत्तर सुचलं नाही. बेम्बा असते तर त्यांनी कोंबडी मागितली असती. पण ते नाम्वांगा. त्यांचं आमचं थट्टेचं नातं नाही.

उठताना म्हणाले, "इथे वर्कशॉप प्रमुखाची जागा रिकामी होतेय. तुमच्यासारखी व्यक्ती एका चौथऱ्याला ग्रीस लावत बसावी हे मला पटत नाही."

विचार करून कळवते म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं की नव्हतं, हे अजून ठरलेलं नाही.

३ सप्टेंबर, लुविंगू

लेथ येणार नाही, हे वर्गाला सांगितलं. नंतर कासुबा वर्कशॉपच्या दाराशी आली.

"मॅडम, तपासणीच्या दिवशी तुम्ही त्या साहेबांना खरं सांगितलंत ना? लेथ शनिवारी जाणार म्हणून?"

म्हणजे तिने ऐकलं होतं.

"सांगितलं."

"मग त्यांनी लिहिलं कसं नाही?"

"त्यांना ती थट्टा वाटली."

"तुम्हाला?"

मी म्हटलं, सराव थांबवायचा नाही, ड्रॉइंगवर सांगून करायचा. ती बरं म्हणाली.

१६ सप्टेंबर

टेस्ट.

मुलं इस्त्री केलेले ओव्हरऑल घालून आली होती. परीक्षक लुसाकाहून आले. माझ्यापेक्षा थोडेच मोठे, हातात मोहोरबंद पाकीट. वर्कशॉपमध्ये शिरले आणि चौथऱ्यासमोर थांबले. बोल्टांवरचं ग्रीस ताजं होतं.

"लेथ कुठे आहे?"

बा चिशिंबा आज रजेवर. मी पुढे झाले. थट्टेचा सूर येऊ नये म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"लेथ इथलं नाही. तपासणीपुरतं ट्रकने आणलं होतं. तपासणी संपल्यावर तेच पुढच्या शाखेत नेलं, तिथून त्याच्या पुढच्या. तिन्ही मान्यता एकाच यंत्रावर दिल्या गेल्या आहेत. हे लिहून घ्या."

त्यांनी पेन काढलं, माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, म्हणजे जेरे तुम्ही! बेम्बा पाहुणा! खाऊनपिऊन शनिवारी निघेल!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "अहो, बा चिलेक्वांनी अख्ख्या ऑफिसला ऐकवलाय हा किस्सा. दर बैठकीत निघतो. सूनबाई पोचलात का! तुम्हाला एकदा बघायचंच होतं मला."

"मी थट्टा करत नाहीये."

"तोच तर तुमचा हातखंडा म्हणतात. चेहरा अजिबात हलत नाही!"

हसून झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. "बरं, आता कामाचं बोलू. मान्यताप्राप्त वर्कशॉप आहे म्हणजे यंत्र आहेच, ते नाही असं मला लिहिता येत नाही. यंत्र आहे आणि मुलांनी जॉब केला नाही, असं लिहिलं तर सगळी नापास. यंत्र दुरुस्तीला गेलंय असं तुम्ही म्हणालात, तर टेस्ट पुढच्या वर्षावर. काय लिहू?"

विद्यार्थी चौथऱ्याभोवती उभे होते. कासुबाने नखं अगदी मुळापर्यंत कापली होती.

"दुरुस्तीला गेलंय," मी म्हटलं.

यावर कोणी हसलं नाही. हे सगळ्यांना खरं वाटलं.

२१ सप्टेंबर

कासुबाच्या मामाने जागा दुसऱ्याला दिली. हे मला तिने सांगितलं नाही, कँटीनमध्ये कळलं. सोमवारपासून ती पुन्हा बाजारात बसणार आहे.

बा चिशिंबा रजेवरून आले. यंत्राच्या निधीचा अर्ज परत आलाय. शेरा: या शाखेकडे मान्यताप्राप्त यंत्र उपलब्ध आहे. त्यांनी मला वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघत बसले. मी उंदीर किंवा माकड काहीतरी काढीन, याची ते वाट बघत होते. मी काढलं नाही. त्यांनीही नाही.

म्पिकाला होकार कळवला. तिथे लेथ आहे.

२७ सप्टेंबर

सामान बांधून झालं. टेबलावर फक्त अभ्यासक्रम पूर्ण केल्याची प्रमाणपत्रं राहिली होती. कोपऱ्यात मंडळाचा नवा शिक्का, ठसठशीत. कार्डाची जागा ती घेऊ शकत नाहीत, पण कागद चांगला आहे.

कासुबा शेवटी आली. बाजारातून थेट, हाताला माशाचा वास. ॲल्युमिनियमचा उंदीर मी बांधलेल्या सामानातून पुन्हा काढून टेबलाच्या कडेला ठेवला होता, तोंड तिच्याकडे करून. आत आल्याबरोबर दिसेल असा. ती म्हणाली असती, मॅडम, अजून खाल्ला नाहीत? मी म्हटलं असतं, मीठ आणलंस का?

तिने उंदराकडे बघितलं.

मग गुडघे टेकले. तळहात एकमेकांवर हलकेच वाजवले, जसे मोठ्या घरच्या परक्या बाईपुढे वाजवतात, आणि दोन्ही हात पुढे करून प्रमाणपत्र घेतलं.

"फार उपकार झाले, मॅडम. प्रवास सुखाचा होवो."

प्रत्येक शब्द आदराचा होता. तिला अजून काही बोलायचं असेल, असं वाटलं.

तिने उठून दार हळू ओढून घेतलं.